बिनआवाजाचं खातं

"सोमवारी तोंड उघडायचं न्हाई, निर्मळे. कोनी मारलं तरी न्हाई. निस्तं नागनाथाचं नाव घ्यायचं, मनातल्या मनात."

आईचा हा आवाज निर्मलाबाईंना नेहमी उजव्या कानाशी ऐकू यायचा. लहानपणी त्या चुलीपुढं आईच्या डाव्या अंगाला बसायच्या, म्हणूनच असेल. आता आठ दिवस झाले, त्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती, आणि आईला त्या शिट्टीच्या पलीकडून बोलावं लागत होतं. आज मंगळवार होता. बोलायला मोकळीक होती. पण मोहनसिंगच्या नेट कॅफेत त्यांना बोलायला कुणी आणलंच नव्हतं. प्लायवूडच्या खोपटात हरिचंद खुर्चीवर बसला होता, मोहनसिंग त्याच्या खांद्यावरून वाकून माउस सरकवत होता, आणि निर्मलाबाई मागं, दाराला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन. लाइट गेलेली. गल्लीत जनरेटर धडधडत होता आणि त्याची धडधड स्टुलातून पाठीच्या कण्यात, कण्यातून जबड्यात चढत होती. जीभ पुन्हा पुन्हा वरच्या हिरडीतल्या खड्ड्याकडं जात होती. तिथं दात असताना जीभ कधी गेली नव्हती. जे आहे त्याकडं माणूस बघत नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि समोर नवऱ्याची मान दिसली. मानेवर केस कापल्याची ताजी रेघ होती, रेघेखाली एक शीर उडत होती. शीर किती वर असते कातडीच्या. बोटभर सुद्धा खोल नाही. हे काय येतं आपल्या मनात, म्हणून त्यांनी नागनाथाचं नाव घेतलं, तरी डोळे त्या शिरेवरून हलले नाहीत.

"हे बघा काका, हा पहिला," मोहनसिंग सांगत होता. "दलाली सगळ्यात कमी. पर इसका पान खुलेपर्यंत तुमचा बाजार बंद हो जाता. हा दुसरा, बँकवाला. बँकेचं खातं, शेअरचं खातं, सौदा, सगळं एका छपराखाली. दलाली तगडी घेतो, पर झोपेत बी सौदा होतो. अन् हा तिसरा. याचं सॉफ्टवेअर मशीनमधी टाकावं लागतं. भाव पळताना दिसतात, लाल-हिरवे. जत्राच समजा. पर तुमच्याकडं मशीन कुठंय?"

"ते ऱ्हाऊ दे," हरिचंद म्हणाला. "मला एकच सांग. आवाज लागतो का?"

"कैसा आवाज?"

"बाईचा. खातं जिच्या नावावर हाय तिचा. तिनं फोनवर बोलावं लागतं का?"

मोहनसिंग हसला. हसताना त्याची दाढी स्क्रीनच्या उजेडात निळी झाली. "काका, इथं मुक्यांचं राज्य आहे. पासवर्ड टाका, बटण दाबा, खेळ खतम. बटणाला काय माहीत, बोट कुणाचं?"

हरिचंदनं खुर्चीत पाठ टेकवली. तीन दलालांचे तीन कागद त्यानं छापून घेतले होते आणि दोन दिवस तो ते डब्याबरोबर हापिसात नेत होता. कुणाची वर्षाची फी किती, कुणाची शाखा नांदेडला आहे, कुणाचा माणूस घरी येतो. सोयरीक जमवताना सुद्धा त्यानं एवढी चौकशी केली नव्हती. लेकीला, राणीला, परभणीला देताना मुलाचं घर त्यानं बाहेरूनच बघितलं होतं. निर्मलाबाईंना वाटलं, आपल्यालाही असंच कुणीतरी कागदावर मांडून बघितलं असेल. रंग सावळा, स्वयंपाक बरा, आवाज कमी. आवाज कमी हे तेव्हा सासूनं सगळ्यांना सांगितलं होतं, गुण म्हणून.

खातं त्यांच्या नावावर असण्याचं कारण साधं होतं. हरिचंद पाटबंधाऱ्यात कारकून. सरकारी माणसानं शेअरचा धंदा केला तर चौकशी लागते असं कुणी साहेब चहा पिताना बोलला, आणि त्यानं बायकोचं नाव लावलं. गॅसची टाकी आणि हे खातं, दोनच गोष्टी निर्मलाबाईंच्या नावावर होत्या. नांदेडचा दलाल फोनवर सौदे घ्यायचा. हरिचंद हापिसातून घरी फोन करायचा, अमुक घे, तमुक इक. मग निर्मलाबाई नांदेडला फोन लावायच्या आणि तेच शब्द, त्याच क्रमानं, आपल्या मऊ आवाजात सांगायच्या. तिकडची पोरगी ते शब्द परत म्हणून दाखवायची आणि विचारायची, "बरोबर?" त्या म्हणायच्या, "बराबर." दोन वर्षं त्या त्याचं तोंड होत्या. एकदा हरिचंदच्या भावानं त्याच्या नावानं फोन करून गमतीत एक सौदा टाकला, तेव्हा हरिचंदनंच त्या दलालाला बजावून सांगितलं होतं, की बाईच्या आवाजाशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. अगदी माझं सुद्धा. हे कुलूप त्यानंच लावलेलं. आणि सोमवारी त्या बोलत नाहीत, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं. सोमवारी तो शिव्या द्यायचा आणि मंगळवारची वाट बघायचा. तेवढं चालायचं.

पण आठ दिवसांपूर्वीच्या त्या सोमवारी बाजार पडला. नुसता पडला नाही, आड ढासळावा तसा आत आत जात राहिला. दुपारी स्कूटर अंगणात घुसली ती तुळशीच्या कट्ट्याला धडकूनच थांबली. निर्मलाबाई भगर निवडत होत्या. हरिचंदचा चेहरा असा होता की आधी त्यांना वाटलं, राणीचं काही झालं. त्यानं फोन लावला. "सगळं इका," तो ओरडला. तिकडून ती पोरगी म्हणाली असणार, की मॅडमना द्या, कारण त्यानं फोनचा रिसीव्हर यांच्या तोंडाशी आणला. "इका म्हन. बास. दोनच अक्षरं." निर्मलाबाईंनी मान हलवली आणि बोट वर केलं, देवाकडं. "काहून बोलून न्हाई राहिली? आगं, सगळं चाललंय! म्हन!" मग त्यानं हात जोडले. हे सगळ्यात भयंकर होतं. नंतरच्या मारापेक्षा ते जोडलेले हात निर्मलाबाईंच्या जास्त ध्यानात होते. तीस वर्षांत त्यानं त्यांच्यापुढं हात जोडले नव्हते, आणि ते बघताना त्यांच्या पोटातून काहीतरी काळं, गार, गोड असं वर आलं. तो खाली होता आणि त्या वर. एका शब्दासाठी. प्रायश्चित्त घेऊन तो शब्द बोलता आला असता, उपास वाढवता आला असता, औंढ्याला जाऊन अभिषेक करता आला असता; देव एवढा कोता नाही हे त्यांना माहीत होतं. तरी त्या बोलल्या नाहीत. त्या मिनिटाला तोंड मिटलं होतं ते नागनाथासाठी का या गोडीसाठी, हे त्यांना आठ दिवस कळत नव्हतं. रोज संध्याकाळी दिवा लावताना हात थांबायचा. व्रतातून असा विषाचा घोट निघतो का?

मग त्यानं पहिली चापट मारली. ती कानावर बसली आणि शिट्टी सुरू झाली. नंतर त्यानं त्यांच्या मेलेल्या आईवरून एक शिवी दिली, गुडघा छातीवर ठेवला आणि बैलाला औषध पाजताना जबडा फाकवतात तसा दोन्ही बाजूंनी दाबला. बोटांना सुपारीचा वास होता. निर्मलाबाईंनी दात आवळले. त्याच्या बोटाचं कातडं त्यांच्या दाढेखाली आलं, खारट, आणि त्यांनी ते सोडलं नाही, तो किंचाळला तरी. मग रिसीव्हर तोंडावर आला. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा दाताचा तुकडा जिभेवर पडला, भगरीत खडा लागावा तसा. रिसीव्हरच्या बारीक भोकांत रक्त भरलं होतं आणि त्या भोकांमधून तो कोवळा आवाज येत होता, "सर, असं नका करू. सर! मॅडम, तुम्ही ऐकताय का मला? मॅडम?" निर्मलाबाई ऐकत होत्या. फरशी गालाला गार लागत होती. मग हरिचंदनं वायरच उपटली.

मधला सोमवार आला आणि गेला. त्या बोलल्या नाहीत, तोही बोलला नाही. फोनची वायर त्यानंच दुसऱ्या दिवशी जोडली होती; राणीचा फोन आला तेव्हा त्यांनीच सांगितलं, दाढ काढली बाई, सूज हाय.

"भाभी, तोंडाला काय झालं?" मोहनसिंग अचानक मागं वळून विचारत होता. जनरेटर बंद पडला होता, स्क्रीन विझला होता, आणि काळोखात तिघांचे श्वास ऐकू येत होते.

"दाढ काढली," हरिचंद म्हणाला.

मंगळवार होता. निर्मलाबाईंनी ओठ उघडले होते. उघडलेल्या ओठांत त्याचं उत्तर शिरलं आणि त्यांनी ते मिटले.  मोहनसिंगनं बाहेर जाऊन जनरेटरला दोन लाथा घातल्या.

बँकवाला ठरला. दलाली तगडी, पण तोंड लागत नाही. फॉर्म भरून ठेवायचे, परवा गुरुवारी पाच वाजता कंपनीचा माणूस नांदेडहून येईल, सह्या तपासून घेऊन जाईल. जुन्या ठिकाणचं खातं बंद करायच्या अर्जावरही बाईची सही. "ती मी घेऊन ठेवतो," हरिचंद म्हणाला. पासवर्ड काय ठेवायचा ते त्यानं मोहनसिंगच्या कानात सांगितलं. बाहेर उन्हात आल्यावर तो आठ दिवसांत पहिल्यांदा हसला. "मंग तुझं काम न्हाई. बस देवापुढं. सोमवार कर, मंगळवार कर, बारा म्हैने मुकी ऱ्हा. कोन अडवतंय?"

तुझं काम न्हाई. घरापर्यंत हे तीन शब्द त्यांच्या पावलांबरोबर चालत आले. त्यात दिलासा होता आणि दिलाशाच्या खाली काहीतरी दुसरं होतं, पाण्याखाली गाळ असावा तसं. काम नसलेल्या म्हशीचं काय करतात ते निर्मलाबाईंना माहीत होतं. माहेरी, नरसीजवळच्या त्या खेड्यात, भाकड म्हैस बाजारला निघाली की आई तिच्या कपाळाला कुंकू लावायची आणि आत येऊन दार लोटून घ्यायची. बाजार सोमवारचा असायचा. बाप, ग्यानबा, सकाळी बाजारला जायचा तो दिवस मावळायला पिऊन यायचा. आणि आज, इतक्या वर्षांनी, हिंगोलीच्या रस्त्यात एका रसवंतीपुढं उभं असताना, त्यांना ते सगळं एकदम दिसलं, जसं काही कुणी दार उघडलं. बाप दारात यायचा तेव्हा आई काहीतरी विचारायची. मीठ आणलं का, एवढंच. त्या एका प्रश्नावर तिची पाठ फुटायची. मिठावर, तेलावर, लेकराच्या औषधावर. शब्द निघाला की लाथ. मग एका श्रावणात आईनं सोमवारचं मौन धरलं. ग्यानबा नागनाथाला भ्यायचा. व्रताच्या बाईवर हात टाकला तर अंगावर कोड उठतं अशी त्याची खात्री होती. तो यायचा, दारात डोलत उभा राहायचा, आईकडं बघायचा, आणि जाऊन गोठ्यात निजायचा. आठवड्यात एक दिवस, सगळ्यात वाईट दिवस, आईनं देवाच्या आडोशाला काढला होता. आणि लेकीला सासरी पाठवताना अंगावर घालायला सोनं नव्हतं, तर तो आडोसाच बांधून दिला होता. कोनी मारलं तरी न्हाई. निर्मलाबाईंनी ते कडक नेम म्हणून घेतलं, तीस वर्षं पाळलं, त्यात भक्ती ओतली. भक्ती खोटी नव्हती. पण हरिचंद नागनाथाला भीत नव्हता. त्याचा देव टीव्हीच्या तळाशी, शेअरभावांच्या पट्टीत, उजवीकडून डावीकडं पळायचा.

"काय बघून राहिली? चल की," हरिचंद पुढून म्हणाला. रसवंतीच्या चरकात ऊस गेला आणि दुसऱ्या बाजूनं चपटा होऊन बाहेर आला. त्या त्याच्या मागं निघाल्या.

बुधवारी तो हापिसात असताना फोन वाजला. त्यांनी सवयीनं उचलला.

"मावशी? मी प्रियदर्शनी. नांदेडहून. रोज सौदा घ्यायची ती."

निर्मलाबाई गप्प राहिल्या. आज सोमवार नव्हता, तरी.

"मावशी, बोला ना काहीतरी. मला निस्तं कळू द्या तुमी हायत म्हणून." शाखेतली ती शुद्ध, धुतलेली भाषा आज तिनं बाजूला ठेवली होती. पोरगी आपल्याच भागातली, कळमनुरीकडची असावी.

"हाय मी," निर्मलाबाई म्हणाल्या. आवाज स्वतःचाच वाटला नाही.

तिकडं एक हुंदका आला आणि लगेच गिळला गेला. "साहेब म्हणले, आपलं काम सौद्याचा आवाज घ्यायचं, घरातली भांडणं आपल्या खात्यात येत न्हाईत. पर ते सगळं रेकॉर्ड झालंय मावशी. अन् तिथं न्हाई झालं असतं तरी माझ्या कानात झालंय. जेवताना येतो तो आवाज. भांडं पडलं की येतो. तुमच्याकडून खातं बंद करायची चौकशी आली काल. बँकवाल्याकडं चाललात?"

"त्यांनी ठरवलंय. तिथं आवाज लागत न्हाई म्हनं."

"न्हाई लागत. तिथं कोनी ऐकतच नसतं, मावशी. बटन असतं." ती थांबली. "खातं तुमचं हाय. तुमी सोता इथं येऊन म्हणलात, की माझ्या खात्याचं मी बघीन, माझ्याबिगर कोनाचं ऐकू नका, तर साहेबाला ऐकावंच लागंल. बंद करायच्या अर्जावर सही पडली की मंग मला तुमाला फोन करायला बी कारण ऱ्हात न्हाई. अन् खरं सांगू? मला एकदा बघायचंय तुमाला. डोळ्यांनी. मला झोप लागंना."

असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. राणीही म्हणायची नाही, तिला सासू होती, दोन लेकरं होती. निर्मलाबाईंनी तोंडावर पदर धरला.

"उद्या येते," त्या म्हणाल्या. "दुपारच्या गाडीनं. हापिस बंद व्हायच्या आत येते."

"नक्की ना? माझी शपथ?"

"शपथ कशाला, बाई. येते म्हनलं ना."

गुरुवारी हरिचंद अर्धी रजा टाकून आला. जेवला, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, पुन्हा ओढलं. मग खाटेवर फॉर्म मांडले, जिथं जिथं सही तिथं पेन्सिलीनं फुल्या मारल्या, वर पेन ठेवला. मांडीवर डबा घेऊन सुपारी कातरू लागला. कट्, कट्. "कर सह्या. मंग भांडी घास."

"हात खरकटे हायत."

"धुऊन ये."

त्या हलल्या नाहीत. त्यानं हात पुढं करून त्यांचा अंगठा धरला आणि अडकित्त्याच्या दोन पात्यांमध्ये घातला. लोखंड सुपारीच्या पिठानं खरबरीत झालं होतं. "का अंगठाच देऊन टाकती त्या मानसाला? डबीत घालून?" तो हसला. पात्यांनी कातडी दाबली, पांढरी केली. तो त्यांच्या डोळ्यांत बघत होता, आणि त्याला तिथं जे बघायचं होतं ते दिसलं असावं, कारण त्यानं अंगठा सोडून दिला. "गंमत कळत न्हाई तुला. माझा जरा डोळा लागू दे. चारला उठीव. पाचला मानूस येईल, तवर सह्या झाल्या पाहिजेत. न्हाईतर गंमत करनार न्हाई मी."

तो खाटेवर आडवा झाला, फॉर्म पायथ्याला. थोड्या वेळात घोरू लागला. उजवा हात खाटेच्या बाहेर लोंबत होता, तोच, ज्याच्या बोटावर त्यांच्या दातांची खूण अजून काळी होती. निर्मलाबाई खाली बसल्या. डब्यातला अडकित्ता त्यांनी कधी उचलला ते त्यांना कळलं नाही. त्याची करंगळी पात्यांमध्ये अगदी नीट बसली, जणू मापानंच घडवलेली. बोट गरम होतं, त्यात नाडी उडत होती. आता आपण मूठ आवळायची. एवढंच. हाताला जोर होता, तीस वर्षं याच हातांनी पाणी ओढलं, दळण-कांडण केलं. आवाज कसा होईल? सुपारीसारखा, का ओल्या शेंगेसारखा? रक्त फरशीवर कुठपर्यंत जाईल? त्यांनी मूठ जरा आवळली. कातडीवर लाल रेघ उमटली. तो झोपेतच काहीतरी पुटपुटला, लहान पोरासारखा. पोटातली ती गोडी पुन्हा वर आली, गळ्यापर्यंत, आणि या वेळी तिला कुठल्याही व्रताचं नाव नव्हतं. वारही सोमवार नव्हता. हे आपणच, निर्मलाबाईंना वाटलं. त्या दिवशीही आपणच होतो. देवाला मधे घ्यायचं कारण नाही.

आणि मग? मग त्या इथंच राहतील. रक्त पुसतील, रिक्षा आणतील, दवाखान्यात त्याच्या उशाशी बसतील, विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतील, सुपारी कातरताना लागलं. पुन्हा त्याचंच तोंड. जन्मभर. आणि नांदेडला एक पोरगी दाराकडं बघत बसेल, कुणी आलं की उठेल, पुन्हा बसेल.

त्यांनी पाती उघडली. करंगळी सुटली. अडकित्ता डब्यात ठेवला आणि झाकण दाबून लावलं. मोरीवर हात धुतले, देवापुढं जाऊन उभ्या राहिल्या. हात जोडायचे होते, पण वेळ कमी होता. नुसतं बघितलं. संक्रांतीचे तिळाचे लाडू फडताळात अजून होते, त्यातले चार कागदात बांधून पिशवीत टाकले. कुणाच्या पोरीला पहिल्यांदा बघायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं. फॉर्म पायथ्याला तसेच होते, पेन घरंगळून त्याच्या टाचेशी गेला होता. चपला त्यांनी हातात घेतल्या आणि फाटकाबाहेर आल्यावर पायात घातल्या.

शेजारची भागूबाई ओट्यावर गव्हले वळत होती. "कुठं निघालाव माय, एवढ्या उन्हाचं? मालक घरी दिसतेत."

"नांदेडला," निर्मलाबाई म्हणाल्या. "एकीला येते म्हनून बसले."

"अन् मालकाच्या चहाचं?"

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पदर डोक्यावर घेतला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि स्टँडच्या रस्त्याला लागल्या.